सूर्य चुकीच्या बाजूने

हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यात मी रात्रपाळीला असतो.
लाद्या मोजतो, आणि मधल्या वेळात कादंबऱ्या वाचतो.
कॉम्प्रेसर घरघरतो,
त्यामुळे माझ्या सगळ्या कादंबऱ्यांत
लांब कुठेतरी एक यंत्र चालू असतं,
अगदी बैलगाडीच्या काळातल्यासुद्धा.

घर कुठलंही असो, लखनौचं नाहीतर लंडनचं,
मी ते बांधतो पोस्टमास्तरांच्या क्वार्टरमध्ये.
दुसरं माडीचं घर मी आतून पाहिलेलं नाही,
तेही एकदाच, सातवीत, तार द्यायला गेलो तेव्हा.
निळं दार, डावीकडे जिना, जिन्याखाली सायकल.
लेखक लिहितो: उजव्या हाताला संगमरवरी जिना.
मी संगमरवर घेतो,
उजवा हात घेत नाही.

नायिका मिळते दीड ओळ. उंच, सावळी, बोलताना थांबणारी.
बाकीची माझी मला भरावी लागते.
कुत्रा चावला तेव्हा सुई टोचणाऱ्या नर्सची हनुवटी,
मावशीचा आवाज,
आणि ओले हात पदराला न पुसता
हवेत धरून ठेवायची ती लकब –
कुणाची, ते सांगणार नाही.
दीडशे पानांनी लेखक म्हणतो, तिचे डोळे घारे.
आता?
आता फार उशीर झाला.

वाचनालयात उस्मान होडेकर बसतो, शिक्का आणि खळ घेऊन.
कपाटातलं सगळं त्याने वाचलंय.
तो म्हणतो, मला काही दिसत नाही.
काहीच?
घर म्हटलं की घर. पान पांढरं, अक्षर काळं,
आत कुणीतरी वाचतंय, बस.
मी म्हटलं, डोळे मीट. बांगडा म्हण.
त्याने मिटले. म्हणाला, बांगडा. वास आला. चित्र नाही.

स्टेशनमास्तरची मुलगी तापाने जाते त्या कादंबरीत
पान तीनशे चारवर पाण्याचा एक वाळलेला डाग आहे.
माझा नाही.
मला तिचं नाक दिसत होतं, एक पिवळी चप्पल
पलंगाखाली उताणी पडलेली.
पाहण्यातून रडायला सवड झाली नाही.

गेल्या महिन्यात पूर्वेकडच्या किनाऱ्यावरची एक कादंबरी आणली.
पहिलंच वाक्य: समुद्रातून सूर्य वर आला.
तिथेच अडलो.
आमच्याकडे तो पाण्यात जातो.
येतो आसूदच्या बाजूने, डोंगरामागून,
कुणाच्या तरी पोफळींतून गाळलेला, आधीच थोडा वापरलेला.
मावळता सूर्य उलटा ओढून पाहिला,
तर होड्या पाठमोऱ्या बंदरात शिरल्या,
लिलावातली पापलेटं उडून पाट्यांत परत गेली,
धक्क्यावरून उडी मारलेला पोर
पाण्यातून कोरडा वर आला.
नाही जमलं.

मग तीन रात्री गावच फिरवलं.
दीपगृह, लिलावाची शेड, मशीद, विठ्ठलाचं देऊळ,
पोस्टमास्तरांचं क्वार्टर (जिना तेवढा सुटा झाला),
सगळं हळूहळू, तोंड उगवतीकडे.
सुवर्णदुर्ग हलेना.
मूळ जागी ठेवला.
कादंबरीभर तो कोरड्यात उभा,
चारी बाजूंनी भात.

चौथ्या रात्री नायकाने खिडकी उघडली,
आणि उजेड पाण्यावरून चालत आला.
होड्यांची तोंडं सकाळी उजळलेली
मी प्रथमच पाहिली.
लाद्या मोजायच्या राहिल्या. एकशे बारा धरल्या.

पुस्तक परत करताना उस्मानने तारीख पाहिली.
चार दिवस उशीर, चार रुपये.
मी म्हटलं, गाव फिरवायला वेळ लागला.
त्याने मान वर केली नाही.
शिक्का मारला, खळीचं बोट कागदाला पुसलं
आणि विचारलं,
परत सरळ केलंस ना?
मला संध्याकाळी घरी जायचंय.